पितळेचे म्हातारपण

दिवाळीच्या आधी घरोघर चिंच लावून पितळेची भांडी उजळली जातात. तेव्हाच एखाद्या जुन्या तांब्याची केसाएवढी चीर नजरेस पडते आणि घरातली वडीलधारी बाई म्हणते, “आता हा मोडीत घाला.” हाच निवाडा बंदुकीच्या पितळी काडतुसाबाबतही करावा लागतो. तेथे मात्र चूक झाली तर नुसते पाणी गळत नाही. नेमबाजाच्या डोळ्यावर बेतते.

१८५७ साली ज्या काडतुसावरून हिंदुस्थान पेटला ते कागदाचे होते. पुढे धातूची काडतुसे आली आणि सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त हे मिश्रण रूढ झाले. बार उडताच पितळेचे कवच फुगून नळीला चिकटते, तप्त वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच किंचित आकसून सुटते. म्हणूनच ते पुन्हा भरता येते. पण दर खेपेस ते ताणले जाते व साच्यात दाबून कडक होते.

पितळेचा हा हट्टी स्वभाव इंग्रजी फौजेला आपल्या पावसाळ्याने दाखवला. तबेल्यांत साठवलेली, एकदाही न उडवलेली काडतुसे आपोआप चिरू लागली. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी कोडे उलगडले : घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडणीच्या वेळी पितळेत कोंडलेला ताण, दोन्ही मिळून धातू फोडतात. उपाय आपल्या तांबटाच्या ओळखीचा निघाला : बेताने तापवून ताण काढणे.

उडवलेल्या कवचाचेही तसेच. तोंड ताठरले तर तापवून मऊ करता येते. बूड मात्र कधीच तापवू नये, कारण सारा दाब तेच झेलते. तोंडाशी गेलेली चीर डोळ्यांना दिसते. खरा दगा बुडाच्या जरा वर असतो. तेथे बाहेरून चकचकीत कडे दिसले, किंवा टोक वाकवलेली तार आत फिरवताना खाचेत अडकली, की कवच संपले. किती बारांनी, याचा ठोक आकडा नाही. दारूचा भार व नळीची घडण यांवर ते ठरते. एकाचे असे झाले की त्याच्याबरोबरची सारी संशयित समजावीत आणि टाकायचे ते चेपूनच टाकावे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती ते पुन्हा भरले जाणार नाही.

तांब्या असो वा काडतूस, वेळीच मोडीत घालणे हाही पितळेचा मानच आहे!