कंपवात, कुहिली आणि वैद्यकाचीं बाडें

नंदुरबार हें सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरील जुनें पेठेचें गांव. आईन-इ-अकबरींत तें माळवा सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें म्हणून येतें. अशा गांवीं सनदा व महजर शोधणारे पुष्कळ. पण त्याच रुमालांत वैद्यकाचें बाड निघालें तर तें बहुधा बाजूस पडतें.

सातपुड्याच्या रानांत कुहिलीचा वेल होतो. तिच्या शेंगेवरील लव अंगास लागून ज्यानें खाज सोसली, त्यास तिची निराळी ओळख नको. संस्कृत ग्रंथांत ती आत्मगुप्ता किंवा कपिकच्छू. 1937 सालीं मद्रासेस दामोदरन् व रामस्वामी यांनीं तिच्या बियांतून लेवोडोपा हें द्रव्य वेगळें काढलें. पुढें 1960 मध्यें पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूंत डोपामीन उणें असल्याचें दिसून आलें, आणि 1967 नंतर लेवोडोपा हेंच त्या रोगाचें मुख्य औषध झालें. तेव्हांपासून प्राचीनांस कंपवातावर कुहिली ठाऊक होती, असें सर्रास लिहिलें जातें.

हें विधान ग्रंथांवर घासून पाहिलें पाहिजे. चरकाच्या ऐंशी वातविकारांत वेपथु आहे; माधवनिदानांत सर्वांगाचा व शिराचा कंप तो वेपथु. परंतु नुसत्या कंपावरून, 1817 मध्यें जेम्स पार्किन्सननें वर्णिलेला रोग तो हाच, असें ठरत नाहीं. आजच्या निदानास हालचालींचें मंदत्व आवश्यक असतें. उलट कुहिली चरकांत वाजीकरणाच्या योगांत ठळकपणें येते, आणि चक्रदत्तांत उडीद, एरंड व बला यांसह तिचा काढा सांगितला आहे तो पक्षाघातावर. एवढे ग्रंथ पाहतां रोग एका पानावर व औषध दुसऱ्या. मधला सांधा मागाहून जोडलेला दिसतो.

यानें औषधाचा गुण उणा होत नाहीं. 2004 सालीं लंडनमध्यें आठ रोग्यांवर केलेल्या परीक्षेंत 30 ग्रॅम चूर्णाचा गुण नेहमींच्या गोळीहून लवकर दिसला. आठ ही संख्या थोडी, हें मात्र विसरूं नये. शिवाय बियांतील द्रव्याचें प्रमाण सारखें नसल्यानें मात्रा वैद्यानेंच ठरवावी.

हा सांधा जुना कीं नवा, हें बाडेंच सांगतील. कंपाच्या मथळ्याखालीं कुहिलीचा योग 1937 पूर्वींच्या हातचा सांपडला, तर वाद मिटेल. नंदुरबार जिल्हा 1998 मध्यें धुळ्यापासून वेगळा झाला. तेव्हां जुन्या सूचींत तेथील पोथ्या खानदेशाखालीं पाहाव्या. मथळा, घटक व मात्रा जशाच्या तशा उतराव्या, आणि समासांतील अक्षराचें वळण निराळें नोंदावें. समासांतला योग मूळ लेखकाचा नसल्यास पुष्पिकेंतील शक त्यास लागू पडत नाहीं.