एका सुरातली नाचांची माळ

लासूर स्टेशनहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. भजनी मंडळाची पेटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. तशाच पट्ट्या दाबून वाजवायचं एक जुनं युरोपी वाद्य आहे, हार्पसिकॉर्ड. त्यावर वाजणाऱ्या नाचांबद्दल आज बोलू.

सतराव्या-अठराव्या शतकात तिकडे ‘सूट’ नावाचा प्रकार रुळला. सूट म्हणजे नाचांची माळ. आधी आलमांद, चार मात्रांची, बेताच्या चालीची. मग कुरांत, तीन मात्रांची. मग साराबांद, तीही तिनाचीच, पण संथ. शेवटी उड्या घेणारी जीग. सूर सगळ्यांचा एक, चाल प्रत्येकीची वेगळी. आणि गंमत म्हणजे, हे वाजताना सहसा कुणी नाचत नसे. नाच नुसता बोटांत उरलेला.

त्यातल्या साराबांदची गोष्ट आम्हाला फार लागली. स्पेनमध्ये १५८३ साली हा नाच अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली होती. पुढच्या शतकात तोच नाच फ्रान्सच्या दरबारात गंभीर, खानदानी होऊन बसला. नाच पावन झाला, पण जिच्या पायांनी तो आला तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. लावणीच्या प्रांतात हे वेगळं सांगायला नको.

बायांनी मात्र सूट रचलेही आहेत. एलिझाबेथ झाके द ला गेर ही लहानपणीच राजा चौदाव्या लुईपुढे वाजवायची. १६८७ मध्ये तिचं हार्पसिकॉर्डच्या रचनांचं पुस्तक पॅरिसमध्ये छापलं गेलं. त्यात चार सूट आहेत. बाखचं नाव जगात मोठं, पण त्याच्या ‘फ्रेंच सूट’मधल्या पाच रचना आधी सापडतात त्या १७२२ च्या एका घरगुती वहीत. ती वही त्याची बायको आना माग्दालेना हिच्यासाठी केलेली. ती स्वतः दरबारात पगारी गायिका होती.

आता आपल्या मराठीकडे येऊ. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचं घराणं तमिळ मुलखात तंजावरला राज्य करत होतं. त्या गादीवर १७९८ ते १८३२ सरफोजी राजे होते. त्यांच्या नावावर मराठी ‘निरूपणं’ आहेत, म्हणजे नाचासाठी बांधलेली गाणी. एका निरूपणात अठरा भाग. ‘जय जय’ने सुरुवात, मग शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असं करत शेवटी मंगळ. विषय एक, राग एक, तालही एकच. सूटमध्ये ताल बदलतो, इथे तोही नाही. ग्रंथाचं नाव ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’. जिन्नस! आपण किराण्याच्या यादीत लिहितो तोच शब्द. ही गाणी नाचल्या त्या दरबारच्या नर्तकी. पुढे १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासींना देवळात नाचायला मनाई झाली, आणि नाच मोठ्या घरच्या मुलींकडे गेला. वाईट प्रथा जायलाच हवी होती. पण कलाही त्यांच्याच हातून सुटली, हे आम्हाला पटत नाही.

सूट वाजवायचा कसा? हार्पसिकॉर्डची पट्टी जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही. पेटीतही जोर भात्याचा असतो, बोटाचा नाही. मग चाल दाखवायची ती सूर किती धरला, कुठे सोडला यावरून. प्रत्येक नाचाचे बहुधा दोन भाग, दोन्ही दोनदा वाजवतात. दुसऱ्या खेपेला थोडी नक्षी घालायची.

तुमच्या मुलीच्या कीबोर्ड क्लासात ‘मिन्युएट’ असेल, तर ती तिनाची असते. पण नाचणाऱ्याची चार पावलं सहा मात्रांत बसतात. दर तिसऱ्या मात्रेनंतर ठोका दिला की पाऊल अडखळतं. आधी कीबोर्ड बंद ठेवा, अंगणात सहा मोजत मुलीबरोबर चालून बघा. मग वाजवू द्या.