ठळक अक्षर म्हणजे शीर्षक नव्हे

संगणकावर लेख लिहिताना आपण शीर्षक कसे करतो? अक्षरे मोठी करतो, ठळक करतो, ओळ मध्यावर आणतो. कागदावर छापायचे असेल तर एवढे पुरते, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते शीर्षक आहे हे कळते. संगणकाच्या लेखी मात्र ती मोठ्या अक्षरांची एक ओळ, एवढेच. हाच लेख वेबवर द्यायचा झाला की हा फरक अंगाशी येतो. गंमत म्हणजे तो वेबच्या जन्माआधी वीसेक वर्षे लक्षात आला होता.

१९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी वकिलांच्या कचेऱ्यांसाठी एक व्यवस्था बसवत होते. मजकूर लिहिणे, त्यात शोध घेणे आणि तो छापणे ही कामे वेगवेगळ्या आज्ञावल्या करत, आणि एकीच्या खुणा दुसरीला समजत नसत. त्यांनी तोडगा काढला : मजकूर कसा दिसावा हे लिहायचे नाही, तो काय आहे हे लिहायचे. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. दिसण्याचे ज्याचे त्याने पाहावे. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन या पद्धतीला जीएमएल नाव मिळाले. १९८६ साली तिच्यातूनच एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कागदपत्रांसाठी अशा खुणा आधीच रुळल्या होत्या. तिथे नाना देशांचे शास्त्रज्ञ आणि नाना जातींचे संगणक. टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएल तयार करताना बऱ्याच खुणा तिथूनच उचलल्या. १९९० च्या अखेरीस त्यांनी नेक्स्ट संगणकावर लिहिलेली पहिली आज्ञावली नुसते वाचण्याचे साधन नव्हती. ती लेख-संपादकही होती. लेखकाने ओळ निवडायची, यादीतून ‘शीर्षक’ म्हणायचे, की खूण आपोआप बसे. शब्द निवडून तो दुसऱ्या लेखाला जोडता येई. खुणा हाताने लिहाव्या लागत नसत.

पण नेक्स्ट संगणक होते किती जणांकडे? इतर यंत्रांसाठी आलेल्या आज्ञावल्या वाचण्यापुरत्याच राहिल्या. १९९३ साली लोकप्रिय झालेल्या मोझेकमध्येही चित्रे मजकुरातच दिसत, पण पान लिहिता येत नसे. आमच्या मते हे मोठेच नुकसान झाले. लिहिणाऱ्याला कोनी कंसातल्या खुणा हाताने टाइप करणे भाग पडले. नव्वदीच्या उत्तरार्धात नेहमीच्या लेखन-आज्ञावल्या लेख एचटीएमएलमध्ये साठवू लागल्या, पण तोवर लेखकांना ‘ठळक’ची सवय जडली होती. साहजिकच पानात शीर्षकाची खूण नाही, फॉन्ट आणि आकार यांच्या खुणांचे मात्र रान! दृष्टिहीन वाचकांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावल्या शीर्षकाच्या खुणेवरूनच पुढच्या भागावर जातात. ठळक ओळ त्यांना दिसत नाही.

मराठीत हे दुखणे आणखी एक पायरी खाली होते. देवनागरीचे मानक संकेत नव्हते असे नाही. भारतीय मानक १९९१ सालचे, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी छपाईसाठी सर्रास वापरले जाणारे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. फाइलमध्ये ‘क’ नसेच. एखादे रोमन अक्षर असे आणि फॉन्ट त्याला ‘क’चे रूप देई. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते म्हणून फाइलमध्येही आधी. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे ‘क’नंतर येते.

अलीकडे आम्ही १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणावरील एका लेखाची जुनी फाइल वेबसाठी तयार करायला घेतली. उघडताच पडदाभर रोमन अक्षरे आणि चिन्हे. रूपांतराच्या आज्ञावलीने बराचसा मजकूर सोडवला, पण रफार चुकले. ते अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे दिसतात म्हणून जुन्या फाइलीत नंतर येतात. युनिकोडमध्ये ‘सूर्य’मधला अर्धा ‘र’ ‘य’च्या आधी हवा. ज्या लेखात दर चार ओळींमागे ‘सूर्य’, त्यात हे! शेवटी छापील अंक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. मग प्रत्येक ठळक ओळीपाशी थांबून ठरवले, हे उपशीर्षक की लेखकाने नुसताच दिलेला जोर. दोन ठिकाणी ते आम्हालाही ठरवता आले नाही.