तळटीप : एचआयव्हीबाधितांस औषधी गांजाची मुभा

* लेखकाने येथे ज्या कायद्याचा ओझरता उल्लेख केला आहे, तो म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर १९९६ मध्ये मंजूर केलेला २१५ क्रमांकाचा प्रस्ताव होय. ज्या काळी एड्सच्या रुग्णाची भूक नाहीशी होऊन देह दिवसेंदिवस झिजत जाई आणि औषधे घ्यावीत तर मळमळीने अन्नाचा घासही पोटात ठरत नसे, त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयातील एड्सग्रस्तांसाठी मेरी जेन रॅथबन ही वृद्ध स्वयंसेविका गांजा घातलेले ब्राउनी केक स्वतः भाजून नेत असे, व त्यापायी तिने अटकही सोसली. अशा माणसांच्या कळकळीतूनच हा कायदा उभा राहिला. त्यात एड्सचा नामनिर्देश आहे. मात्र पात्रतेसाठी सरकारदरबारी अर्ज करावा लागत नसे, डॉक्टरांची लेखी वा तोंडी शिफारस पुरेशी होती, आणि ऐच्छिक ओळखपत्राची तजवीज पुढे २००३ च्या कायद्याने झाली. न्यूयॉर्कचा २०१४ चा कायदा मुळात अधिक कडक : तेथे केवळ एचआयव्हीच्या लागणीने भागत नसे, तिच्या जोडीला शरीरक्षय, तीव्र वेदना, तीव्र मळमळ यांसारखी एखादी व्यथा असावी लागे. देह झिजेपर्यंत वाट पाहावयास लावणारी ही अट आम्हांस निष्ठुर वाटते. संघराज्याच्या कायद्याने तर १९९६ नंतरही गांजा निषिद्धच राहिला. आणि तरीही गांजातील प्रमुख द्रव्य कृत्रिमरीत्या बनवून केलेल्या ड्रोनॅबिनॉलच्या कॅप्सूल एड्सग्रस्तांच्या क्षुधानाशावर देण्यास त्याच संघराज्याच्या औषध प्रशासनाने १९९२ मध्येच मंजुरी दिली होती. — संपादक