साहाय्यक फाइलींचे परवाने

मुक्तस्रोत प्रकल्पात कोडखेरीज फॉन्ट, चिन्हे, माहितीपुस्तिका, नकाशे, चाचणीचा नमुना मजकूर असे बरेच काही असते. त्यांच्या वापराच्या अटी ठरवणारे हे परवाने. मुख्य फोल्डरमध्ये परवान्याची एक फाइल टाकली की काम झाले, असे बहुतेक जण धरून चालतात. कोडसाठी लिहिलेल्या अटी फॉन्टला मात्र नीट बसत नाहीत.

याचे घरचे उदाहरण ‘लोहित’ देवनागरी फॉन्टचे. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट जीपीएल या कोडसाठीच्या परवान्याखाली खुले केले. पण त्याच्या अटी त्यातून बनलेल्या कामालाही लागू होतात, आणि पीडीएफ तयार करताना फॉन्ट तिच्यातच जोडला जातो. मग ती पीडीएफही जीपीएलच्या कक्षेत येते का? फॉन्टपुरता अपवाद लिहून ही अडचण टाळता येते, पण ती डागडुजीच. २०११ मध्ये लोहितने एसआयएल ओपन फॉन्ट परवाना स्वीकारला. २००७ च्या १.१ आवृत्तीनुसार असा फॉन्ट बदलता येतो, सॉफ्टवेअरसोबत विकताही येतो. नुसता फॉन्ट विकता येत नाही आणि मूळकर्त्याने राखून ठेवलेले नाव बदललेल्या प्रतीला देता येत नाही. अशा फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर पूर्ण मोकळा राहतो. एक टाइपचा ‘मुक्ता’ आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ याच परवान्याचे.

पुस्तिकेला क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा परवाना चालतो. कोडला तो लावू नये, असे ती संस्थाच सांगते.

विदेचे प्रकरण अधिक नाजूक. आमगाव तालुक्यातील रस्ते दाखवणारे ॲप ओपनस्ट्रीटमॅपवर उभारले, तर २०१२ पासून लागू असलेल्या ओडीबीएल परवान्याप्रमाणे श्रेय द्यावे लागते आणि त्या विदेत भर घालून ती प्रसिद्ध केल्यास भरही त्याच अटींवर खुली करावी लागते. ॲपच्या कोडवर ही सक्ती नाही.

नमुना मजकुराकडे तर कोणी पाहतच नाही. आमगावजवळचे पदमपूर संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मस्थान मानले जाते. त्याच्या ‘उत्तररामचरिता’तील श्लोक जोडाक्षरांच्या चाचणीला उत्तम, आणि मूळ संहिता सर्वांची. आधुनिक अनुवाद किंवा टीपा उचलल्या तर मात्र भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो.

कोणत्या फाइलीला कोणता परवाना, हे त्या फाइलीतच वर एका ओळीत लिहावे. चित्रात किंवा फॉन्टमध्ये अशी ओळ लिहिणे सोयीचे नसते; तिथे त्याच नावाची परवान्याची छोटी फाइल शेजारी ठेवतात.