उभ्या गाडीला धरणारा ब्रेक

कुंभार्ली किंवा पसरणी घाटाच्या चढावर जीप थांबवावी लागली, तर साताऱ्याकडचा जुना ड्रायव्हर हँडब्रेक ओढूनही सीट सोडत नसे. आधी क्लीनर उडी मारून खाली उतरे, मागच्या चाकाला दगड लावे, आणि मगच ड्रायव्हर पाय काढे. या सवयीमागे त्या जीपची रचना होती.

स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. मुळात लष्करी असलेल्या या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नव्हताच. डॅशबोर्डपाशी असलेली मूठ ओढली की ट्रान्स्फर केसमागे, प्रोपेलर शाफ्टवर बसवलेला एक ड्रम आवळला जाई आणि शाफ्ट अडल्यामुळे मागची चाकं अडत. पण तिथलं सील झिजून तेल गळू लागलं की ते थेट त्या ड्रममध्ये उतरे, लायनर भिजे आणि मूठ कितीही ओढली तरी गाडी सरके. पंक्चर काढताना तर धोका आणखी मोठा. जॅकवर उचललेलं चाक डिफरन्शियलमुळे मोकळं फिरे, आणि जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाचीही पकड सुटे. माणसं खच्चून भरलेल्या वडापच्या जीपच्या ड्रायव्हरला दगडाचा भरवसा वाटे तो यामुळेच.

हाताचा आणि पायाचा असे दोन वेगळे ब्रेक मोटारीत सुरुवातीच्या काळापासून आहेत. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पायाचा ब्रेक गिअरबॉक्सच्या आत काम करी, तर हाताचा दांडा मागच्या चाकांचे ड्रम आवळी. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्गने चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक दिले आणि पायाच्या ब्रेकची ताकद एकदम वाढली. हाताचा ब्रेक मात्र तारेवर आणि दांड्यावरच राहिला, आणि ते योग्यच होतं. तेलाचा दाब रात्रभर टिकेल याची खात्री देता येत नाही. सीलमधून तो हळूहळू उतरू शकतो. ताणलेली तार किंवा आवळलेला स्क्रू पकड धरून ठेवतो. आपल्याकडच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक या दोन स्वतंत्र व्यवस्था मानल्या आहेत.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि दोन सीटच्या मधला तो दांडा घरोघरी ओळखीचा झाला. किती ‘कट-कट’ झाल्यावर ब्रेक धरतो, यावरून मिस्त्री निदान करी. आवाज जास्त वेळा झाले तर तार ढिली किंवा लायनर झिजलेला. दांडा सोडूनही चाक जड फिरत असेल तर तार आवरणात गंजून अडकलेली. नट आवळला, तार बदलली, काम संपलं. या निदानात हाताला येणारा ताण हेच सर्वांत चांगलं मोजमाप होतं.

२००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये दांड्याच्या जागी बटण आलं. सुरुवातीच्या अनेक रचनांत मोटर जुनी तारच ओढत असे. पुढे मोटर थेट मागच्या कॅलिपरवर बसली. आपल्याकडे २०२० ची क्रेटा, २०२१ च्या सफारी आणि एक्सयूव्ही ७०० यांच्या वरच्या मॉडेल्समधून हे बटण सातारा-सांगलीच्या अंगणांत पोचलं.

बटण ओढलं की मोटर गिअरमार्फत एक स्क्रू फिरवते, स्क्रू पिस्टनला ढकलतो आणि पॅड डिस्कवर दाबले जातात. पकड पुरेशी झाली हे कळतं कसं? पॅड घट्ट होताच मोटर जास्त करंट खेचू लागते; ठरलेल्या मर्यादेला कंट्रोल युनिट मोटर थांबवतं. जो ताण हाताला कळे, तो आता अँपिअरमध्ये मोजला जातो. एकदा आवळलेला स्क्रू आपणहून उलटा फिरत नाही, त्यामुळे बॅटरी काढली तरी गाडी धरलेली राहते. बिघाडात हाच गुण अडचणीचा ठरतो, कारण धरलेली गाडी ढकलताही येत नाही.

डॅशबोर्डवर ब्रेकचा पिवळा दिवा लागला की ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणून अनेक जण हात टेकतात. ती घाई महागात पडते. आधी बॅटरी पाहावी. बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास मिळालं पाहिजे. व्होल्टेज पडलं की चांगला ब्रेकही चूक दाखवतो. मग फ्यूज, मग स्कॅनरवरचा कोड. त्यानंतर मागच्या चाकांपाशी कान द्यावा. बटण दाबल्यावर दोन्ही बाजूंनी ‘घर्र’ आवाज यायला हवा. एक बाजू मुकी असेल तर तिथला कपलर काढून बटण चालवताना दोन तारांमध्ये मीटर लावावा. व्होल्टेज पोचतं आणि मोटर हलत नाही, तर दोष मोटरमध्ये. व्होल्टेजच येत नाही, तर वायरिंग किंवा कंट्रोल युनिटमध्ये. चाकाजवळची वायर सतत हलते, त्यामुळे वरचं आवरण शाबूत असूनही आतली तार तुटलेली सापडू शकते.

सांगलीत या बिघाडांना पुराची जोड आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची रेषा ४५ फुटांची. २०२१ मध्ये पुन्हा शहरात पाणी शिरलं. चाकाजवळची ही मोटर गाडीच्या विजेच्या सामानात सर्वांत खाली असणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे इंजिनापर्यंत न पोचलेलं पाणीही तिला गाठतं. गाडी धुऊन वापरात येते, पण कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढत राहतो आणि दिवा काही महिन्यांनी लागतो. तेव्हा मोटर बदलण्याआधी कपलर उघडून पाहणं आणि मोटर व कॅलिपरमधली रबरी रिंग तपासणं शहाणपणाचं.

मागचे पॅड बदलताना मात्र जुनी सवय सोडावीच लागते. स्कॅनरने ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये नेऊन स्क्रू मागे घ्यायचा, मगच पिस्टन आत दाबायचा. तसं न करता क्लॅम्पने जोर लावला, तर स्क्रूचे आटे किंवा आतले गिअर तुटू शकतात. पॅड बसवल्यावर कॅलिब्रेशन करायचं आणि गाडी चढावर नेऊन, पाय ब्रेक पेडलजवळ ठेवून, पकड तपासायची.

महाबळेश्वरहून वाईला उतरलेल्या गाडीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उतारावर डिस्क तापलेली असते. गाडी उभी राहिल्यावर ती थंड होऊन आकसते आणि पकड किंचित सैल होते. काही गाड्यांत कंट्रोल युनिट थोड्या वेळाने मोटर पुन्हा फिरवून ती आवळतं. कुलूप लावलेल्या गाडीतून मागाहून येणारा असा आवाज बिघाडाचा नसतो, आणि त्यासाठी मोटर उतरवू नये.