प्रश्न कोणाला विचारला?

माणसे मोजण्याची हौस सत्तेला जुनीच आहे. इंग्रजांच्या शिरगणतीपासून आपली संख्या, आपली साक्षरता, आपली घरे मोजली गेली. पण जो विटाळ पाळतो त्याच्या मनाची मोजणी करावी, असे फार काळ कोणाला वाटले नाही. शिवाशिव हा 'अस्पृश्यांचा प्रश्न' ठरला, म्हणून तपासणीही अस्पृश्यांचीच झाली. रोग एकाला आणि नाडी दुसऱ्याची!

अमेरिकेत हा रिवाज थोडा लवकर मोडला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' तेथील गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हापासून त्या देशाकडे आपण पाहत आलो आहोत. तेथील राष्ट्रीय मत संशोधन केंद्राने १९४२ साली गोऱ्यांनाच विचारले: काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एका शाळेत जावे की वेगळ्या? 'एका शाळेत' म्हणणारे शेकडा ३०च्या आसपास निघाले. १९८२पर्यंत ते ९०च्या घरात गेले. १९७२ साली, म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, या केंद्राने 'सर्वसाधारण सामाजिक पाहणी' सुरू केली. १९९४पर्यंत बहुतेक दरवर्षी, पुढे साधारणतः वर्षाआड ती होत आली. तिचा नेम एकच: बदल मोजायचा तर माप बदलायचे नाही. पायलीच दरसाल वेगळी घेतली, तर धान्य वाढले की घटले हे कसे कळावे?

काळ्या-गोऱ्यांच्या विवाहावर बंदी घालणारे कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले. तरी १९७२च्या पाहणीत असा कायदा हवा म्हणणारे जवळपास शेकडा ४० होते. २००२पर्यंत ते दहाच्या आसपास आले. न्यायालयाचा निकाल एका दिवसात लागतो, मनाला तीस वर्षे लागतात. ती तीस वर्षे मोजून ठेवली गेली, हे या पाहणीचे मोल.

पण तेथील समाजशास्त्रज्ञांनी पाहण्यांच्या आकड्यांतून दुसरे सत्यही बाहेर काढले. एकत्र शाळेच्या तत्त्वाला होकार वाढत असताना, त्यासाठी केंद्र सरकारने पावले उचलावीत म्हणणारे गोरे १९६४मध्ये शेकडा ४०च्या आसपास होते, ते १९७८पर्यंत २५वर उतरले. समतेला मान्यता, अंमलबजावणीला विरोध! राखीव जागांच्या वादात हा सूर आपण कितीदा ऐकला आहे?

आणखी एक गोष्ट. १९४२ सालीच मेम्फिस शहरात काळ्या नागरिकांना तेच प्रश्न काही ठिकाणी गोऱ्यांनी, काही ठिकाणी काळ्यांनी विचारले. उत्तरे वेगळी आली. गोरा समोर असला की माणसे जपून बोलत.

आपल्याकडे 'भारत मानव विकास पाहणी'च्या दुसऱ्या फेरीत, २०११-१२ साली, बेचाळीस हजारांवर कुटुंबांना विचारले गेले: तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते काय? 'नाही' म्हणणाऱ्यास पुढचा प्रश्न: अनुसूचित जातीची व्यक्ती स्वयंपाकघरात आली, तिने तुमची भांडी वापरली, तर अडचण होईल काय? राज्यघटना अमलात येऊन साठ वर्षे उलटली होती. यांपैकी एकाला तरी होकार देणारी घरे शेकडा २७ निघाली. ब्राह्मण घरांत हे प्रमाण निम्म्यावर होते. अनुसूचित जातींच्या घरांतही ते १५ होते, आणि पोटजातींच्या उतरंडीविषयी बोलताना आपण हा आकडा लपवता कामा नये. मध्य प्रदेशात ५३. महाराष्ट्रात अवघे ४!

हा चार वर्गात फळ्यावर लिहिला की माझे विद्यार्थी हसतात. मी तो हसण्यावारी नेत नाही. महाडपासूनच्या लढ्यांनी एवढे निश्चित केले की, महाराष्ट्रात 'आम्ही विटाळ पाळतो' असे तोंडाने म्हणण्याची लाज वाटू लागली. ही लाज आपण मिळवली आहे, कोणी दान दिलेली नाही. पण याच महाराष्ट्रात १९७८चा नामांतराचा ठराव विद्यापीठाच्या पाटीवर यायला १९९४ उजाडले, आणि याच महाराष्ट्रात २००६ साली खैरलांजी घडले. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून नोकरीच्या गावी खोली शोधत होतो, तेव्हा एका घरमालकाने चहा दिला, आडनाव विचारले आणि खोली कालच गेल्याचे सांगितले. कप त्याच्या घरातलाच होता. पाहणीत तो उरलेल्या शहाण्णवांतच बसेल.

म्हणून प्रश्न भांड्यापुरता ठेवून चालणार नाही. २०१६च्या एका दूरध्वनी पाहणीत विचारले गेले: दलित आणि दलितेतर यांच्या विवाहावर कायद्याने बंदी असावी काय? 'असावी' म्हणणारे दिल्लीत शेकडा ४०च्या आसपास, ग्रामीण राजस्थान आणि उत्तर प्रदेशात ६०च्या आसपास. अमेरिकेचा १९७२चा आकडा आठवा. तेथे तो आकडा पुढे तीस वर्षे पाठोपाठ तपासला गेला, म्हणून त्याचा इतिहास झाला. एका फेरीचा आकडा वर्तमानपत्राच्या एका दिवसाचा मजकूर होतो, इतकेच.

हेच प्रश्न, याच शब्दांत, राज्यवार, दर दोन वर्षांनी विचारले जावेत, ही मागणी चळवळीने करायला हवी. घर भाड्याने द्याल काय, मुलगी द्याल काय, हे त्यांत असावे. आणि प्रश्न घेऊन दारात कोण उभा होता, त्याची जातही तक्त्यात नोंदलेली असावी.